शून्यता शिकताना या चुका टाळा

बौद्ध तत्त्वज्ञानातली शून्यता समजायची, तर सगळ्यात आधी 'स्वभाव' हा शब्द. आपण मराठीत 'स्वभावाला औषध नाही' म्हणतो तो स्वभाव इथे अजिबात नाही. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या 'मूलमध्यमककारिका' या श्लोकबद्ध ग्रंथात 27 प्रकरणं आहेत, त्यातलं 15वं यावरच आहे आणि तिथे व्याख्या साफ दिलीय, स्वभाव म्हणजे जे कुणी घडवलेलं नाही आणि जे दुसऱ्या कशावरच अवलंबून नाही. आता उष्णता हा अग्नीचा स्वभाव असं आपण सहज म्हणतो, पण इंधन, घर्षण, हवा नसेल तर कुठली उष्णता? मग या अर्थाने तोही स्वभाव नाही, हेच नागार्जुनाचा भाष्यकार चंद्रकीर्ती या ग्रंथावरच्या टीकेत सांगतो.

दुसरी चूक मला खरंच छळते. शून्यता म्हणजे काहीच नाही! आमच्या अभ्यासगटात एक मुलगा यायचा, हुशार, पण घाई फार, दोन व्हिडिओ बघून थेट शेवटच्या पानावर. गटातल्या एका ताईंचे वडील गेले, त्या पहिल्यांदाच परत आल्या होत्या, आणि हा त्यांना म्हणाला, ताई, दुःख शून्य आहे, वडीलही शून्यच होते. त्या काही बोलल्या नाहीत, वही पिशवीत टाकली आणि उठून गेल्या, पुन्हा आल्या नाहीत. चुकीचा धरलेला साप धरणाऱ्यालाच मारतो तशी चुकीची समजलेली शून्यता, हे 24व्या प्रकरणात आहे, पण इथे डसला दुसऱ्यालाच. त्याच प्रकरणात पुढे म्हटलंय की जे प्रतीत्यसमुत्पन्न तेच शून्य, म्हणजे कारणांनी घडतं म्हणूनच शून्य. वडील होते, माया होती, म्हणून तर दुःख झालं, ते नाकारायचं कशाला?

माझी सवय सांगतो, 'शून्य' शब्द तोंडात आला की लगेच विचारायचं, कशाने शून्य? उत्तर एकच, स्वभावाने. एवढं जोडलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

शून्यतेलाच सगळ्यामागचं अंतिम तत्त्व करून बसू नका, तीही शून्यच आहे.

व्यवहारातलं सत्य फेकून देऊ नका, त्याच्या आधाराशिवाय परमार्थ, म्हणजे अंतिम सत्य, सांगताच येत नाही.

आणि सारांश वाचून कारिका, म्हणजे त्या ग्रंथातले श्लोक, समजत नाहीत हो, एक कारिका आठवडाभर धरून बसा, मी अजून तसंच करतो.