बदली झाली: पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यावा की विकावा?

दोन-तीन वर्षांत परत येऊन याच घरात राहणार असाल, तर भाड्याने द्या. नक्की नसेल, तर हिशोब मांडा. "घर कधी विकू नये, भाव वाढतच जातात" हा सल्ला बाजूला ठेवा. सांगणाऱ्याला तुमचे हप्ते भरायचे नसतात.

आजचा भाव जाहिरातीवरून ठरवू नका. आपल्याच सोसायटीतल्या अलीकडच्या विक्रीची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला उतारा, त्यात सौद्याची नोंदवलेली किंमत असते) काढून पाहा.

खरी मेख भाड्यात आहे. पहिल्यांदा मी भाडं गुणिले बारा केलं आणि खूश झालो. फ्लॅट 80 लाखांचा, भाडं 25 हजार, म्हणजे वर्षाचे तीन लाख. मग भाडेकरू बदलला. महिनाभर घर रिकामं, 25 हजार गेले. नवा भाडेकरू आणणाऱ्या एजंटला 25 हजार. मेंटेनन्स 42 हजार. सोसायटीचा बिनभोगवटा आकार, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं शुल्क, चार हजार (सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावला तर भांडा). मालमत्ता कर 18 हजार, कारण पुणे महापालिकेची स्वतः राहणाऱ्यांसाठीची 40 टक्के सवलत भाडेकरू आला की जाते. रंग आणि दुरुस्तीला 30 हजार. उरले एक लाख 56 हजार. म्हणजे 80 लाखांवर दोन टक्केही नाहीत, आणि प्राप्तिकर अजून बाकी!

तुमचा हिशोब भाडेकरू बदलणाऱ्या वर्षाचाच करा. चांगलं वर्ष धरून ठरवलंत तर फसाल.

आणि किल्ली कोणाकडे, ते आधी ठरवा. मी बंगळुरूला होतो तेव्हा सिंकखालचा नळ सहा महिने ठिबकत होता. भाडेकरूने बादली ठेवली, मला कळवलं नाही. गेलो तेव्हा कपाटाचं प्लायवूड पापडासारखं फुगलेलं आणि खालच्यांच्या छताला ओल. दर तीन महिन्यांनी स्वतः आत जाऊन बघणारं माणूस गावात नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: विका.

भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच. महाराष्ट्रात ती कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही द्या.

विकताना खरेदीची तारीख बघा. 24 महिने पुरे व्हायला थोडेच दिवस उरले असतील तर थांबा. त्यानंतरचा नफा दीर्घकालीन धरतात, आणि तो दोन वर्षांत दुसऱ्या घरात गुंतवला तर करात सूट मिळते. दुसरं घर घ्यायचं नसेल, तर सौदा करण्याआधीच सीएकडे जा.