छिद्रे नसलेल्या माउंटन सायकलवर कॅरिअर: माझा अनुभव

माझ्या माउंटन सायकलच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला कॅरिअरसाठी आट्यांची छिद्रे नाहीत, म्हणून पुण्याहून ताम्हिणी घाटमार्गे हरिहरेश्वरला जाताना मी केवळ सीटपोस्टला (सीट ज्या नळीवर बसते तिला) आवळायचे कॅरिअर बसवले. दोन्ही बाजूंना पिशव्या टांगल्यावर खराब रस्त्यात ते सीटपोस्टभोवती फिरू लागले आणि एक पिशवी चाकाच्या आऱ्यांना घासली. आणखी घट्ट आवळून उपयोग झाला नाही, कारण एकाच नळीवर मागे लोंबणारे वजन प्रत्येक हादऱ्यागणिक तरफेसारखे जोर लावते. (कार्बनच्या सीटपोस्टवर तर असे कॅरिअर आवळूच नये.)

परतल्यावर मी पाय असलेले साधे कॅरिअर आणले. सीटकडून मागच्या आसाकडे उतरणाऱ्या नळ्यांचा व्यास व्हर्नियरने मोजला, त्या मापाचे, आतून रबर असलेले पी-क्लॅम्प (नळीभोवती बसणाऱ्या, P अक्षराच्या आकाराच्या धातूच्या पट्ट्या) घेतले आणि ५ मिलिमीटरचे बोल्ट व नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सहज सैल न होणारे) वापरून कॅरिअरचे पाय त्यांना जोडले. असा क्लॅम्प केवळ घर्षणावर टिकतो व वजनाने हळूहळू खाली सरकतो. त्यामुळे तो नळीच्या अगदी तळाशी, जिथे चौकटीचा जोड त्याला खालून टेकू देतो, तिथेच बसवला, आणि माझ्या मते सगळी मजबुती या एका निर्णयात आहे. डावा पाय डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला (चकती दाबणाऱ्या भागाला) अडत होता, तिथे लांब बोल्ट आणि बुश (अंतर राखणारी छोटी नळी) घातले.

हत्यारे आणि पाणी आता चौकटीच्या त्रिकोणातील पिशवीत असते, हलकी स्लीपिंग बॅग हँडलवर, ब्रेकच्या केबल दबणार नाहीत अशी बांधतो, आणि मागे सहा किलोपेक्षा अधिक ठेवत नाही. प्रवासात बोल्ट रोज सकाळी तपासतो.