सक्रिय वहनाच्या प्रयोगशाळेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

परदेशातील प्रयोगशाळांत मी अनेक वर्षे पेशीपटलावर काम करीत आलो आहे. नव्याने येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना घर, विमा, बँक यांविषयीची माहिती विद्यापीठाच्या कचेरीत मिळते. खरी अडचण येते ती नोंदवहीत पहिला निष्कर्ष लिहिताना, म्हणून त्याविषयीच लिहीत आहे.

पेशीने एखादा पदार्थ आत घेतला एवढ्यावरून ते सक्रिय वहन ठरत नाही. पदार्थ कमी संहतीकडून (द्रावणातील कमी प्रमाणाकडून) जास्त संहतीकडे गेला आणि त्यासाठी पेशीला ऊर्जा खर्चावी लागली, तरच तो शब्द वापरावा. आयनांच्या बाबतीत पटलावरील विद्युतविभवही हिशेबात धरावे लागते.

येन्स स्कौ यांनी 1957 मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंवरील कामातून ज्या विकराचा (एन्झाइमचा) शोध जाहीर केला, तो सोडियम-पोटॅशियम पंप एटीपीच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाच्या, एका रेणूमागे तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. त्यामुळेच पेशीबाहेर सोडियम लिटरला सुमारे 145 मिलिमोल असताना आत ते 10 ते 15 मिलिमोलच्या आसपास राहते. आतड्यात ग्लुकोज शोषणारे वाहक प्रथिन मात्र एटीपीला हातही लावत नाही. दोन सोडियम आयन उताराने आत येताना ग्लुकोजचा एक रेणू चढावर ओढून आणतात, म्हणजे पंपाने आधीच खर्चलेली ऊर्जा येथे कामी येते. रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडलेली ही कल्पना सावकाश समजून घ्या. बहुतेक नवोदितांचा गोंधळ येथेच होतो. वनस्पतींच्या मुळांत सोडियमची जागा प्रोटॉन घेतात.

बर्फावर ठेवलेल्या पेशींतील शोषण थांबले, की ते सक्रिय होते असे लिहून टाकण्याचा मोह होतो. तो आवरा, कारण थंडीत सुलभ विसरणाची, म्हणजे ऊर्जा न खर्चता पदार्थ उताराने नेणारी, वाहक प्रथिनेही मंदावतात. त्याऐवजी द्रावणात सोडियम क्लोराइडच्या जागी तेवढेच कोलीन क्लोराइड हे सोडियम नसलेले क्षार घाला; शोषण लगेच घसरले, तर ते सोडियमवर अवलंबून आहे असे मानायला आधार मिळतो. ओआबेन या पंपरोधक द्रव्याने सोडियम-पोटॅशियम पंप बंद केल्यास हाच परिणाम हळूहळू दिसतो, कारण आत-बाहेरच्या सोडियममधील तफावत ओसरायला वेळ लागतो. उंदराच्या पेशींतील पंप मात्र ओआबेनला सहजी दाद देत नाही आणि मानवी पेशींना पुरणारी मात्रा तेथे निष्फळ ठरते. म्हणून पंपाचा संबंध नाही असे लिहिण्यापूर्वी पेशी कोणत्या प्राण्याच्या आहेत, ते प्रयोगशाळेतील ज्येष्ठांना अवश्य विचारून घ्या.