कन्नड उतारा, मराठी दाखला, एकच पीडीएफ: जोडताना या चुका टाळा

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापुरात मी ऑनलाईन अर्ज भरून द्यायचं काम करतो. जून लागला की दुकानात पोरांची गर्दी होते आणि प्रत्येकाचं सांगणं एकच असतं, "दादा, सगळं एका पीडीएफमध्ये करून द्या." जोडायला दोन मिनिटं लागतात. अर्ज परत येतो तो जोडण्याआधी झालेल्या चुकांमुळे, आणि आपल्या सीमाभागात अशा चुकांना जागा जास्त आहे. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, आजोबांचा शाळेचा दाखला मराठीत, मार्क्सकार्ड इंग्रजीत. 1956 पूर्वीचे, बेळगाव मुंबई राज्यात असतानाचे कागद काढले तर एखादा मोडीतही निघतो. फाईल उघडणारा कारकून मात्र कोल्हापूर किंवा पुण्यात बसलेला असतो. त्याला ना कन्नड येतं, ना तो आपल्याला ओळखतो. समोर जे पान दिसेल त्यावरच तो ठरवणार.

म्हणून क्रम आधी कागदावर लिहून काढा. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. तिथे रहिवासाचा आणि मातृभाषेचा पुरावा लागतो. पोरं काय करतात? कन्नड दाखले सगळे पुढे आणि त्यांची भाषांतरं एकगठ्ठा शेवटी. कोणतं भाषांतर कुठल्या दाखल्याचं, हे पलीकडच्या माणसानं कसं ओळखावं? मूळ दाखला आणि लगेच पुढच्या पानावर त्याचं भाषांतर, अशी जोडी ठेवा.

फाईलींची नावं 1, 2, 3 अशी दिली तर कित्येक ॲप त्या 1, 10, 11, 2 अशा लावतात. 01, 02, 03 असे आकडे द्या. जोडून तयार झालेल्या फाईलचं नाव रोमन अक्षरांत आणि छोटं ठेवा. देवनागरी नाव काही पोर्टल घेत नाहीत, आणि फाईल का चढत नाही हे पोराला कळतच नाही.

जांभळा शिक्का कुठे गेला?

गेल्या पावसाळ्यात तालुक्यातल्या एका खेड्यातून एक मामा आले. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत वाटणीपत्र, जुने उतारे, वारसाचे कागद होते. "वकिलांनी सांगितलंय, एकात घालून मोबाईलवर पाठवून दे म्हणून. पोरानं पाठवलं की, पण त्यांना काही दिसंना झालंय," म्हणाले. फाईल उघडून बघितली. पोरानं फोनच्या स्कॅन ॲपमध्ये काळं-पांढरं निवडलं होतं. अक्षरं ठसठशीत होती, पण कचेरीचा जुना जांभळा शिक्का पार उडाला होता. ॲप फिक्या रंगाला डाग समजून पुसून टाकतं. जुने कागद नेहमी रंगीत स्कॅन करा, फार तर करड्या छटेत.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. वाटणीपत्राच्या स्टॅम्पपेपरची पाठची बाजूच घेतली नव्हती, आणि नोंदणीचा शेरा नेमका तिथेच होता. प्रत्येक कागद उलटा करून बघा. मागे चार अक्षरं जरी असली तरी ते पान घ्यायचं.

संगणकावर फोटोंची पीडीएफ करताना आणखी एक फसगत होते. विंडोजमध्ये फोटो निवडून प्रिंट दिलं की खालच्या बाजूला, चित्र चौकटीत बसवायच्या पर्यायावर आधीच टिक असते. ती चौकट भरते, पण कडा कापून. शिक्के आणि सह्या असतात त्या कडेलाच. ती टिक काढा आणि मग पीडीएफ करा.

डिजिटल सही जोडणीत टिकत नाही

ही चूक शिकलेल्या माणसांकडूनही होते. नाडकचेरीचा (कर्नाटकातल्या महसूल खात्याच्या कचेरीचा) जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला डिजिटल सहीचा मिळतो. ती सही त्या एका फाईलशी बांधलेली असते. फाईलमध्ये काडीइतका बदल झाला तरी तपासणी नापास होते. दहा दाखले एकत्र जोडले की सहीचं चित्र दिसत राहिलं तरी त्यामागचा पुरावा निघून जातो. त्यामुळे मूळ फाईल कधीही पुसू नका. ती वेगळ्या फोल्डरमध्ये जशी उतरवली तशीच ठेवा आणि कुणी पडताळणी मागितली तर तीच द्या. जोडलेल्या प्रतीवर दाखल्याचा क्रमांक आणि क्यूआर कोड स्पष्ट वाचता येतात ना, तेवढं बघा.

ई-आधार जोडायला गेलं की पुष्कळदा अडतं, कारण त्याला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि पुढे जन्मसाल. पासवर्ड टाकून फाईल उघडा, प्रिंटमध्ये जाऊन पुन्हा पीडीएफ म्हणून जतन करा आणि ती प्रत जोडा. पूर्ण आधार क्रमांक मागितला नसेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार वापरा. आधार, बँक पासबुक, जमिनीचे कागद असले गठ्ठे कुठल्याही फुकट वेबसाईटवर चढवून जोडणं मला पटत नाही. पीडीएफसॅम बेसिक किंवा पीडीएफ24 संगणकावर टाकून घेतलं की हेच काम इंटरनेटशिवाय होतं, तेही फुकट.

आकाराचं थोडक्यात सांगतो. फोनचा एक फोटो चार-पाच एमबीचा असतो, पोर्टलला मात्र केबीत हवं असतं. आधी प्रत्येक पान दाबायचं, जोडून झाल्यावर पुन्हा दाबायचं, असं केलं की अक्षरं फुटतात. चांगलं स्कॅन करा, जोडा आणि शेवटी एकदाच आकार कमी करा. मजकुराला 150 डीपीआय (स्कॅनची बारकाई) बहुधा पुरतं, बारीक हस्ताक्षर असेल तर 200 ठेवा. व्हॉट्सॲपवर कागद पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की तो वाटेतच दाबला जातो.

आणि अर्जात प्रत्येक दाखल्याला वेगळी जागा दिली असेल तर जोडूच नका. सूचना वाचायच्या आधीच गठ्ठा बांधून आणणारी पोरं दर वर्षी येतात.

मामांचे कागद आम्ही पुन्हा स्कॅन केले. ते एकेक कागद हातात घेऊन दोन्ही बाजू मोजत होते, मी पडद्यावर पानं मोजत होतो. त्यांची 31 आली, माझी 30. एका उताऱ्याची पाठ राहिली होती. ती घेतली, जागेवर लावली, त्यांच्याच फोनवर फाईल उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत सरकवून बघितली आणि मग वकिलांना पाठवली.