तळमजला, कुत्रा आणि घूस

पडवळ हा आमचा डॅशहुंड. लांबी पाहून नाव ठेवलं. गेल्या जुलैत रात्री साडेअकराला त्याला मागच्या दाराने घरगल्लीत, म्हणजे इमारतीमागच्या बोळात, सोडला आणि अर्ध्या मिनिटात तो असा केकाटला की तिसऱ्या मजल्यावरचे दिवे लागले. टॉर्च मारला तर हा गटाराच्या फुटक्या झाकणापाशी, नाकातून रक्त, आणि समोर भिंतीच्या कोपऱ्यात घूस. पाठीवरचे केस उभे, चक्क गुरगुरत होती. पळायचं नाव नाही. मी चौतीस वर्षं स्टाफ नर्स होते, रक्त बघून गडबडणारी नव्हे. पण त्या रात्री नेमकं करू नये तेच केलं. खाली वाकले आणि दोघांच्या मध्ये हात घातला. घूस माझ्या मनगटाला घासून गेली. दात लागले नाहीत, एवढंच.

त्यानंतर वर्षभर पार्ल्यातल्या आमच्या पन्नास वर्षं जुन्या इमारतीत मी या विषयावर इतकं डोकं घातलं की आता शेजारच्या सोसायट्यांतले लोकही ‘सिस्टर, जरा येऊन बघा’ म्हणून बोलावतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

आधी समोर काय आहे ते ओळखा. लांब तोंडाची, चिकचिक आवाज करत भिंतीच्या कडेने धावते ती चिचुंद्री; तिच्या वाटेला जाऊ नका, ती झुरळं खाते. उंदीर सडपातळ, तो वर चढतो. घूस बसकी, जाड मानेची, जमिनीत खोदणारी. लोक ‘मांजराएवढी’ म्हणतात; मोठ्या जातीची घूस शेपूट सोडून फूटभर भरते, वजन किलोच्या आसपास. अंधारात कुत्रा ओरडत असताना ती मांजराएवढीच दिसते, हे मी कबूल करते. इंग्रजांनी तिला दिलेलं ‘बँडिकूट’ हे नाव तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून आलं, म्हणजे डुक्कर-उंदीर. आवाज ऐकलात की पटतं. (दुसऱ्या मजल्यावर कानपूरचं कुटुंब नवीन आलंय. मी जिन्यात ‘यहाँ घूस बहुत है’ म्हटलं, तर त्या बाई घाबरून म्हणाल्या, ‘किसको देनी पड़ती है?’)

बिळाचं तोंड मुठीएवढं असतं आणि समोर ताज्या मातीचा ढिगारा. पायाखाली, पाण्याच्या टाकीशेजारी, झाडाच्या मुळांत बघा. वापरातलं बीळ कोणतं ते कळायला सोपी युक्ती आहे: संध्याकाळी जुना पेपर चुरगाळून तोंडात कोंबायचा. सकाळी बाहेर पडलेला दिसला तर आत कोणीतरी राहतं. सगळ्या बिळांवर खडूने आकडे घाला. आमच्याकडे अकरा निघाली, त्यातली सात चालू. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘खूप घुशी झाल्यात’ म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि चहा पितात. ‘अकरापैकी सात, आणि चार नंबर तुमच्या पार्किंगखाली’ म्हटलं की पैसे मंजूर होतात.

आता समोरासमोर गाठ पडली तर. घूस एरवी कुत्र्यावर चालून येत नाही. तिला कोपऱ्यात गाठलं किंवा बिळात पिल्लं असली की ती उलटते. म्हणून पहिलं काम तिची वाट मोकळी करणं. कुत्रा पट्ट्यात असेल तर आखडता घेऊन मागे ओढा, तोंडाजवळ हात नेऊ नका. मोकळा असेल तर दोघांच्या अंगावर बादलीभर पाणी फेका. मी मागच्या दाराशी भरलेली बादली आता कायम ठेवते, झाकण लावून. पाणी नसेल तर पत्र्याचा डबा आपटा, पायपुसणं फेका. कुत्र्याला ‘सोड’ हा शब्द आधी घरात बिस्किटावर शिकवलेला असावा, भांडण लागल्यावर शिकवता येत नाही. आणि रात्री नऊनंतर पट्टा सोडायचा नाही, घरगल्लीत तर नाहीच. डॅशहुंड पाळणाऱ्यांनी तर हे गाठीला बांधा. ही जातच जर्मनीत बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्यामागे बिळात शिरण्यासाठी तयार केलेली. पडवळ बिळात डोकं घालतो तो हट्ट म्हणून नाही, त्याचं घराण्याचंच काम आहे ते. तुमच्याकडे लॅब्रॅडॉर असेल तर तो बहुधा नुसता शेपूट हलवेल.

चावलंच तर नळाखाली, साबण लावून, घड्याळात पंधरा मिनिटं. कुत्र्याची जखम धुताना तुमच्या हातात रबरी मोजे हवेत, कारण त्याच्या तोंडाला घुशीचं रक्त असू शकतं. मग बीटाडिन. हळद, कॉफी पावडर, चुना यातलं काहीही कोंबायचं नाही. उंदराघुशींचे दात बारीक आणि खोल जातात. वरून टिकलीएवढी दिसणारी जखम आत पिकते. पडवळच्या नाकाची जखम दोन दिवसांत वरून सुकली आणि चौथ्या दिवशी गाल सुजला, शेवटी प्रतिजैविकं सुरू करावीच लागली. मी नर्स, आणि मी चार दिवस थांबले! तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच न्या. रात्री-अपरात्री कुठला दवाखाना उघडा असतो त्याचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे प्राण्यांचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, मुंबईकरांना ठाऊक असतंच. माणसाला चावली तर तेच धुणं आणि त्याच दिवशी डॉक्टर. उंदराघुशींतून रेबीज होणं अगदी दुर्मिळ; पण धनुर्वाताचं इंजेक्शन आणि बाकीचं काय ते डॉक्टरांना ठरवू द्या.

दातांपेक्षा मला भीती तिच्या मुताची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत आमच्या वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकाव्या लागल्या. ताप, पिवळे डोळे, पोटऱ्यांत गोळे, लघवी बंद. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदराघुशींच्या मुतातून हे जंतू चिखलात, साचलेल्या पाण्यात येतात आणि कातडीवरच्या चिरेतून, डोळ्यांतून, तोंडातून आत शिरतात. कुत्र्याला माणसासारखाच होतो, आणि आजारी कुत्र्याच्या मुतातून तो घरातल्यांनाही होऊ शकतो. पडवळचं पोट जमिनीपासून चार बोटं. रस्त्यावर घोटाभर पाणी म्हणजे त्याची अंघोळच.

म्हणून लेप्टोची लस. पहिल्यांदा दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, मग दर वर्षी. रेबीजची लस सगळे आठवणीने देतात, ही चुकते. मी ती पडवळला पावसाच्या आधी, मे महिन्यात देते. लेप्टोचे प्रकार पुष्कळ आणि लसीत त्यातले मोजकेच, तेव्हा लस दिली म्हणून त्याला डबक्यात सोडू नका. पाण्याचं भांडं बाहेर ठेवायचं नाही. फिरून आल्यावर पाय आणि पोट साबणाने धुवून कोरडं करायचं, बोटांच्या बेचक्यात चिरा आहेत का बघायचं. कुत्रा जेवत नाही, उलट्या करतो, मागचे पाय ताठ टाकतो, लघवी गडद होते, हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसतात, यातलं काहीही दिसलं तर ‘उद्या बघू’ नको. तुम्ही स्वतः साचलेल्या पाण्यातून चालत आला असाल आणि पायाला जखम असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या.

आता जी गोष्ट सांगायला मी खरं तर हे लिहायला बसले. पडवळला घुशीने चावलं त्याला टाके नाही पडले. पण ऑगस्टमध्ये सोसायटीने कोणाला न सांगता घरगल्लीत निळ्या वड्या टाकल्या, आणि त्यातली एक तो चघळताना मला सापडली. पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला, ‘मॅडम, कुत्ता इसको नहीं खाता.’ समोर खात होता.

या वड्यांत बहुतेक ब्रोमाडिओलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही. घात असा की पहिले दोन-तीन दिवस कुत्रा ठणठणीत असतो. मग हिरड्यांतून रक्त, काळी शी, धाप. उतारा आहे, व्हिटॅमिन के-वन, पण आठवडे चालू ठेवावा लागतो. पडवळला तासाभरात डॉक्टरांनी उलटी करवली, तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं, आणि महिनाभर गोळ्या तुपात घोळवून दिल्या. वडीचा कागद मी पिशवीत घालून नेला होता. डॉक्टरांचं पहिलं वाक्य ‘पाकीट आणलंत का?’ हेच होतं. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, मिठानेच कुत्रा दगावू शकतो.

काळपट पूड असेल तर ते बहुधा झिंक फॉस्फाइड. त्याला उतारा नाही. पोटातल्या आम्लाशी भिडलं की विषारी वायू सुटतो, म्हणून दूध, भात, पोळी काही द्यायचं नाही; धावत दवाखाना, गाडीच्या काचा उघड्या. बिळात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना तर घरच्या माणसांनी हातही लावू नये. ओलाव्याने त्यांतूनही तोच वायू सुटतो, आणि तळमजल्याच्या जोत्याखालचं बीळ तुमच्या खाटेखाली उघडत असलं तर तो खोलीत येतो. विष खाल्लेली मेलेली घूस कुत्र्याने खाल्ली तरी धोका असतोच. तेव्हा सोसायटीत लेखी द्या: विष टाकायचं तर कोणतं, कुठे, किती दिवस, हे आधी नोटीस बोर्डावर लावायचं आणि ते कुलूपबंद पेटीतच ठेवायचं. आमच्या सेक्रेटरींना हे तीनदा द्यावं लागलं.

विषापेक्षा उपाशी ठेवणं चांगलं, फक्त हळू. कुत्र्याचं ताट रात्री नऊला उचलायचं, दाण्यांची पिशवी पत्र्याच्या डब्यात. ओल्या कचऱ्याचा डबा रात्री दाराबाहेर नाही, सकाळी गाडी यायच्या वेळीच बाहेर. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या शेजारीण होत्या. मी त्यांच्याशी भांडले नाही, फक्त वीस मिनिटांनी थाळ्या उचलायला सांगितलं, आणि आता त्या माझ्यापेक्षा कडक आहेत. खरा गुन्हेगार निघाला पहिल्या मजल्यावरचा एक सद्गृहस्थ, जो कबुतरांसाठी रोज धान्य टाकत होता आणि ते सगळं खाली माझ्या गल्लीत पडत होतं.

खाणं बंद झाल्यावर मग बिळं. आधी बुजवलीत तर घुशी बाजूलाच नवीन खणतात. फुटक्या बाटल्यांच्या काचा आणि सिमेंट-खडी आतपर्यंत ठासायची; नुसती माती किंवा विटेचा तुकडा एका रात्रीत बाहेर. गटाराची झाकणं बदला. मोरीच्या नहाणी ट्रॅपवर बोट जाणार नाही अशी लोखंडी जाळी स्क्रूने, प्लास्टिकची कुरतडतात. मागच्या दाराच्या खालच्या फटीत पत्र्याची पट्टी. काचेचं काम चालू असताना कुत्रा घरात, आणि सिमेंट सुकेपर्यंत घरातच.

पिंजरा लावायचा तर घुशीचा मोठा घ्या, उंदराच्या पिंजऱ्यात ती मावत नाही. भजी लावतात लोक. मी सुका बोंबील लावते. पहिले तीन दिवस दार बांधून नुसतं खाऊ द्यायचं, नवीन वस्तूला ती बिचकते. चौथ्या रात्री कळ लावायची. अडकली की कुत्रा लांब, तिचं मूत पिंजऱ्याखाली गळतं. जागा नंतर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवायची. पुढच्या गल्लीत नेऊन सोडणं म्हणजे पीडा शेजाऱ्याच्या दारात. महापालिकेच्या १९१६ या फोन नंबरवर तक्रार नोंदवा किंवा वॉर्ड ऑफिसच्या कीटकनाशक विभागाला कळवा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. गोंदाचे पुठ्ठे नकोतच. पडवळचा कान एकदा चिकटला होता, अर्धी वाटी खोबरेल लागलं, आणि घूस तर पुठ्ठा घेऊनच निघून गेली.

सध्या अकरापैकी नऊ बिळं पक्की बुजली आहेत. टाकीशेजारच्या सात नंबरात काल कोंबलेला पेपर आज सकाळी तसाच होता. पिंपळाच्या मुळातल्या दोन नंबरातला मात्र बाहेर पडला होता, आणि पडवळ त्यावर नाक लावून उभा होता. मुळं तोडायची नाहीत असं सोसायटीत ठरलंय, त्यामुळे गवंड्याला रविवारी जाळी घेऊन बोलावलंय.