कोकोकेवर जाताय? मग या चुका टाळा

बहामाच्या बेरी बेटांमधलं लिटल स्टिरप के हे चिमुकलं बेट. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीनं २५ कोटी डॉलर ओतून २०१९ मध्ये त्याचं 'परफेक्ट डे ॲट कोकोके' करून टाकलं. मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनव्हरलहून सुटणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझमध्ये इथे एक अख्खा दिवस मिळतो. अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये आई-बाबा भारतातून आले की नायगारा झाल्यावर हल्ली याच क्रूझचा नंबर लागतो. आणि दर खेपेला त्याच त्या चुका होतात.

सगळ्यात मोठी चूक: दहा वाजता उतरणं

जहाज बहुधा सकाळी सात-आठला धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी पाचच्या आसपास सुटतं. परत चढायची वेळ त्याच्या अर्धा तास आधीची. म्हणजे हातात आठ-नऊ तास. त्यातले पहिले तीन सगळ्यात मोलाचे, आणि आपली मंडळी नेमके तेच जहाजावरच्या बुफेत ऑम्लेटच्या रांगेत घालवतात.

नेहमीचं चित्र असं. आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन मुलं, एकूण सहा जण. वॉटरपार्कची सहा तिकिटं महिनाभर आधीच काढलेली. साडेआठला नाश्ता, मग आजोबांच्या गोळ्या, मग 'माझा गॉगल कुठाय' यात दहा वाजतात. उतरल्यावर धक्क्यावर फोटो, पुढे बेटाच्या पाटीखाली फोटो, त्यासाठीही रांग. वॉटरपार्कच्या दारात पोहोचेपर्यंत अकरा. आता पोराला सगळ्यात उंच स्लाइड हवी. डेअरडेव्हिल्स पीकचा मनोरा १३५ फुटांचा, आणि त्याच्या पायऱ्या आपल्याच पायांनी चढायच्या. रांगही त्याच पायऱ्यांवर, उन्हात. वर टोकाशी पोहोचल्यावर मापाच्या पट्टीखाली धाकटा भरतो ११६ सेंटिमीटर. मोठ्या स्लाइडना ४८ इंच, म्हणजे १२२ सेंटिमीटर लागतात. रडारड करत त्याच पायऱ्यांनी खाली. तोवर साडेबारा. आजी-आजोबा लाटांच्या तलावाच्या काठावर टॉवेल सांभाळत बसलेले, त्यांची दोन तिकिटं निव्वळ पाण्यात. जेवायला जावं तर तिथेही रांग. दोन वाजता सगळे दमलेले, तीनला परत जहाजावर. समुद्रात कुणाचा पायसुद्धा भिजलेला नाही.

यात बेटाचा काय दोष? आदल्या रात्री कंपनीच्या ॲपमध्ये त्या दिवसाच्या वेळा येतात, त्या बघा. सकाळी केबिनमध्ये केळं आणि कॉफी, बस्स. उतरायची परवानगी मिळाली की पहिल्या लोंढ्यात बाहेर पडा. वॉटरपार्कचं तिकीट असेल तर दार उघडताना तिथे उभं राहायचं आणि सगळ्यात उंच मनोरा सगळ्यात आधी उरकायचा, कारण दुपारी रांग त्याचीच लांबते. अकराला वॉटरपार्क सोडून समुद्रावर जायचं. गर्दी उलट दिशेनं येत असते, ती येऊ द्या. तीननंतर लोक परतायला लागतात. तेव्हा हवं तर पुन्हा वॉटरपार्क, आता रांग निम्म्यावर आलेली असते.

मुलांची उंची घरीच, अनवाणी मोजा. बुटांनी किंवा केसांच्या अंबाड्यानं दोन इंच वाढवायची हुशारी तिथे चालत नाही. पट्टी धरणाऱ्या मुलानं असली मापं रोज शेकड्यानं पाहिलेली असतात.

त्या दिवशी धक्क्याला दुसरं जहाज आहे का, हेही आधीच बघून ठेवा. एका वेळी दोन जहाजं लागू शकतात. 'आयकॉन'सारखं जहाज एकटंच पूर्ण भरलं तर ७६०० प्रवासी आणतं. बंदरांची वेळापत्रकं इंटरनेटवर मिळतात. दोन जहाजांच्या दिवशी वॉटरपार्कचा बेत सकाळी नऊनंतर आखणं म्हणजे रांगेत उभं राहायचे पैसे मोजणं.

न लागणारं विकत घेणं

बेटावर फुकट किती आहे हे माहीत नसल्यामुळे लोक घाबरून सगळं बुक करतात. ओॲसिस लगून हा गोड्या पाण्याचा मोठा तलाव फुकट. लहान मुलांसाठी कारंजी आणि छोट्या स्लाइडचं स्प्लॅशअवे बे फुकट, शेजारचं चाच्यांचं जहाजही. चिल आयलंड आणि साउथ बीच या किनाऱ्यांवर आरामखुर्च्या आणि छत्र्या फुकट, लाइफ जॅकेट फुकट, बेटावर फिरणारी ट्राम फुकट. सहा वर्षांच्या आतलं मूल आणि सत्तरीपुढचे आजी-आजोबा असतील तर एवढ्यात दिवस भरतो. मोठ्या मुलांसाठी वॉटरपार्क घ्या, पण घ्यायचा तो ज्यांना घसरायचंय तेवढ्यांचाच.

घ्यायचंच असेल तर क्रूझ निघण्याआधी, वेबसाइटवरून. दर तारखेनुसार आणि मागणीनुसार बदलतात, आणि जहाजावर चढल्यावर बहुधा चढेच असतात. आधी बुक करून ठेवावं, दर आठवड्याला भाव बघावा, उतरला तर जुनं रद्द करून नव्या भावानं घ्यावं. यात पाच मिनिटं जातात. 'शेवटच्या दिवशी स्वस्त मिळेल' म्हणून थांबणाऱ्यांना शेवटच्या दिवशी 'शिल्लक नाही' अशी पाटी मिळते, भाड्यानं मिळणाऱ्या सावलीच्या खोप्यांना, म्हणजे कबानांना, तर हमखास.

हायडअवे बीच हा २०२४ मध्ये उघडलेला भाग फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी आहे आणि त्याचं तिकीट वेगळं. मुलांना घेऊन दारापर्यंत जाऊन परत येणारी कुटुंबं दिसतात. बुक करताना एक ओळ वाचायचा कंटाळा, दुसरं काय.

'आपल्याला काय होतंय उन्हानं'

होतं. मुंबई-पुण्याच्या उन्हाची सवय असलेल्यांनी इथे जास्त भाजून घेतलेलं असतं, कारण ते सनस्क्रीन लावतच नाहीत. गावाकडे आपण उन्हात अंग झाकून आणि सावली धरून वावरतो. इथे उघड्या खांद्यांनी सहा तास पाण्यात असतो. पांढरी वाळू ऊन खालून परत अंगावर फेकते, पाण्याखाली अतिनील किरण पोहोचतात, आणि वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही. सावळी कातडी लाल दिसत नाही, त्यामुळे भाजल्याचं कळतं ते रात्री अंगावर शर्ट घालताना. पुढच्या दिवशी बहामाच्या राजधानीत, नसाऊला उतरायचं असतं आणि पोरगं केबिनमध्ये पालथं पडलेलं असतं.

हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला एका वेळी सुमारे ३० मिली सनस्क्रीन लागतं. दर दोन तासांनी आणि टॉवेलनं अंग पुसल्यावर पुन्हा लावायचं. चौघं, दिवसातून तीन वेळा, म्हणजे ३६० मिली. आणि लोक चौघांत मिळून ५० मिलीची एक ट्यूब आणतात, ती नाकाला लावतात! एसपीएफ ३० किंवा वर, पाण्यात टिकणारं, आणि पहिला थर केबिनमध्येच, उतरायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी. किनाऱ्यावर ओल्या, वाळू लागलेल्या अंगावर चोळलेलं सनस्क्रीन म्हणजे सँडपेपर. प्रवाळाचा विचार करून झिंक ऑक्साइडचं घेतलंत तर फारच छान. सावळ्या चेहऱ्यावर त्याचा पांढरा पापुद्रा दिसतो, म्हणून रंगछटा असलेलं मिळतं ते घ्या.

याहून सोपा उपाय लांब बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट. तो घातला की निम्मं सनस्क्रीन वाचतं. विसरू नयेत अशा जागा: कानांच्या पाळ्या, पायांचे पंजे, केसांचा भांग, आणि गुडघ्यामागची लवण.

कपडे

सुती सलवार, जीन्सची अर्धी चड्डी, साधा बनियन यांपैकी काहीही चालत नाही. धातूची बटणं, रिवेट आणि चेन स्लाइडला ओरखडे पाडतात, म्हणून वरूनच परत पाठवतात. सुती कापड भिजलं की जड होतं आणि मांड्या सोलतात. नायलॉन-लायक्राचे, अंग झाकणारे पूर्ण लांबीचे पोशाख सहज मिळतात, आजींसाठीही. पायात मागे पट्टा असलेल्या चपला. दुपारची वाळू तव्यासारखी तापते आणि साधी स्लिपर पहिल्या लाटेत जाते.

खाणं

चिल ग्रिल, स्किपर्स ग्रिल आणि स्नॅक शॅक इथलं जेवण क्रूझच्या भाड्यातच येतं. कॅप्टन जॅक्सचे पैसे वेगळे पडतात. शाकाहारी माणसाची सोय चिल ग्रिलवर बरी होते: टाको, सॅलड, फळं, फ्राइज. व्हेज बर्गर मागितल्याशिवाय मिळत नाही, तो मागायचा. दुपारी एकला जाऊ नका, उघडल्या उघडल्या जा. तीनच्या सुमारास आवराआवर सुरू होते, 'चारला निवांत जेवू' म्हणणारे उपाशी राहतात. घरचे थेपले आणि पोळी-भाजीचा डबा जहाजावर चढवू देत नाहीत. दुकानातलं सीलबंद पाकीट चालतं. जहाजावरची फळं बेटावर नेऊ नका.

वारा

डिसेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडून थंड वाऱ्याचे झोत येतात. धक्का उघड्यावर आहे, त्यामुळे वारा जास्त असला तर कप्तान जहाज लावतच नाही आणि दिवस समुद्रात जातो. बेटावरच्या आधी भरलेल्या बुकिंगचे पैसे परत मिळतात. त्यावरून स्वागतकक्षात भांडणाऱ्यांना वारा कमी करून मिळत नाही. ४५० फूट वर जाणारा हीलियमचा फुगा तर मध्यम वाऱ्यातही बंद ठेवतात. फुगा हेच मुख्य आकर्षण धरून जाऊ नका.

सगळ्यात महाग चूक

ती बेटावर होत नाही. एच-१बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर, काम करणाऱ्यांचा पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असतो, हातात फक्त मुदतवाढीचा आय-७९७ कागद असतो, आणि 'बहामा तर शेजारीच' म्हणून क्रूझ काढली जाते. संपलेल्या व्हिसावर अमेरिकेत परत येण्याची सवलत एच-१बीला कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे, तीही तीस दिवसांपर्यंतच्या सहलीसाठी. बहामासारख्या जवळच्या बेटांसाठीची सवलत फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्सचेंज) व्हिसावाल्यांना. बेटावर चार तास उतरलात तरी तुम्ही परदेशात जाऊन आलात. आई-बाबांचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर तोच घोळ. आणि क्रूझ करून आल्यामुळे त्यांचे अमेरिकेत राहायचे सहा महिने नव्यानं सुरू होतील, हे गृहीत धरू नका. जुन्या आय-९४ ची, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवरची, राहण्याच्या मुदतीची तारीखच कायम राहू शकते.

बारीकसारीक

फोन विमान मोडवर, नाहीतर जहाजाच्या मोबाइल टॉवरचं बिल येतं. जहाजाचं वाय-फाय पॅकेज बेटावर चालतं. केबिनचं कार्ड गळ्यातल्या जलरोधक पाकिटात, कारण बेटावरची खरेदी त्यावरच. फक्त स्थानिक कारागिरांच्या बाजारासाठी थोडे सुटे डॉलर ठेवा. ड्रोन घरी. शेजारच्या ग्रेट स्टिरप केचे व्हिडिओ बघून बेत आखू नका, ते दुसऱ्या कंपनीचं बेट आहे. आणि परतताना शेवटची ट्राम धरायच्या भानगडीत पडू नका: चारला निघा, धक्का लांब आहे, सावली नाही, आणि साडेचारला सगळ्यांना एकदमच आठवण होते.