पांढऱ्या पट्टीची पूड कशी थांबली

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतून आम्ही दिलेल्या पीव्हीसी खिडकीपट्ट्या एका उन्हाळ्यातच निस्तेज झाल्या. काळं फडकं फिरवलं की पांढरी पूड चिकटायची. सगळ्यांचा संशय स्टॅबिलायझरवर, म्हणजे मशीनच्या उष्णतेत पीव्हीसी बिघडू नये म्हणून घालतात त्या द्रव्यावर. मला पटेना, कारण मशीनमधून निघताना पट्टी पिवळी पडत नव्हती. गोण्या पाहिल्या तर पांढऱ्या रंगासाठी घालायचं टायटॅनियम डायऑक्साइड अ‍ॅनाटेज प्रकारचं निघालं! ऊन लागलं की ते भोवतालचं पीव्हीसीच खातं. घरातल्या पट्टीला एकवेळ चालेल. मग बाहेरच्या वापराची, लेप दिलेली रुटाइल ग्रेड, म्हणजे त्याच द्रव्याचा दुसरा प्रकार घेतला, 100 भाग रेझिनला (कच्च्या पीव्हीसीला) 8 भाग. स्वस्ताईसाठी भर म्हणून वाढवलेलं कॅल्शियम कार्बोनेटही कमी केलं. कंपाउंड, म्हणजे हे सगळं मिश्रण, महागलं, शेठ कुरकुरले; पण गच्चीवर उन्हात ठेवलेले जुन्या-नव्या पट्टीचे दोन्ही तुकडे शेजारी धरले, तेव्हा मुकाट ऑर्डर दिली.